बीकॉमनंतर आयटीत जायचंय: पहिलं दार सपोर्टचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घर राजापूर तालुक्यात, वय २३, बीकॉम सेकंड क्लास, एमएस-सीआयटी आणि टॅली झालेलं, घरची हापूसची कलमं. पुण्यातला एक क्लास 'फुल स्टॅक, शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणून ८५ हजार मागतोय, हप्त्यांची सोय आहे म्हणतोय. पैसे भरावेत का? कोणती लँग्वेज शिकावी? आणि कॉमर्सवाल्याला आयटीत घेतात का?

आधी पैशांचं बोलू, कारण तिथे झालेली चूक निस्तरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आत्ता भरू नका. 'हप्त्यांची सोय' म्हणजे बऱ्याचदा तुमच्या नावावर एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज निघालेलं असतं. क्लासला रक्कम एकदम मिळते आणि तुमचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. शिकवणं पटलं नाही म्हणून दोन आठवड्यांत क्लास सोडलात तरी हप्ता चालूच राहतो, कारण देणं क्लासचं नसतं, त्या कंपनीचं असतं. थकलात तर सिबिल बिघडतं. 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे शब्द जाहिरातीत शोधू नका, करारात शोधा. तिथे बहुधा 'मुलाखतीची संधी देण्यात येईल' एवढंच लिहिलेलं असतं. ओटीपी मागितला, आधार-पॅनचे फोटो मागितले, तर ते प्रवेशासाठी आहेत की कर्जासाठी, हे तोंडी न विचारता लेखी विचारा.

आता कॉमर्सचं. घेतात, पण सगळ्या दारांनी नाही. मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत पदवीप्रमाणे वेगवेगळ्या रांगा असतात. डेव्हलपरच्या रांगेत बीई, बीटेक, एमसीए. बीएस्सी आणि बीसीएवाल्यांसाठी विप्रोच्या विल्पसारखे वेगळे कार्यक्रम. बीकॉमला सरळ दार आहे ते टीसीएससारख्यांच्या बीपीएस भरतीचं, म्हणजे हिशेब, विमा, बँकिंग यांची मागची कामं. ही कामं आयटी कंपनीत असली तरी तुम्हाला अपेक्षित असलेलं आयटी ते नाही, हे जाणून आत जा. त्यात दुसरी अडचण गुणांची आहे. सेकंड क्लास म्हणजे ६० टक्क्यांच्या खाली, आणि अनेक भरत्यांमध्ये दहावी, बारावी, पदवी तिन्हीकडे ६० टक्के ही अट असते. ती अट तुम्हाला आता बदलता येणार नाही, म्हणून त्या रांगेत वर्ष घालवू नका.

राहतं तिसरं दार, आणि माझ्या मते तेच तुमचं आहे: सपोर्ट. मध्यम आणि छोट्या कंपन्यांतला सर्व्हिस डेस्क, पतसंस्थांचं, हॉस्पिटलचं, जीएसटीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडचा सपोर्ट इंजिनिअर, बँकेच्या प्रणाली सांभाळणाऱ्या कंत्राटदाराकडचा ॲप्लिकेशन सपोर्ट. इथे बऱ्याच ठिकाणी पदवी कुठलीही चालते. विचारतात ते एवढंच: बिघाड समोर आला तर तुम्ही तो कुठे आहे ते शोधू शकता का, आणि काय सापडलं ते नीट लिहू शकता का? आणि शेवटच्या दोन प्रकारांत बीकॉम कामाला येतं. ट्रायल बॅलन्स का जुळत नाही हे ज्याला कळतं, त्याला हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली तक्रार निम्मी आधीच कळलेली असते. नुसता कोड येणाऱ्याला डेबिट-क्रेडिट शिकवायला कंपनीला महिने लागतात.

एमसीए करायचं मनात असेल तर आधी एक गोष्ट तपासा. बीकॉमवाल्याकडून एमसीएला बऱ्याच ठिकाणी बारावीला किंवा पदवीला गणित हा विषय मागतात, आणि सीईटी द्यावी लागते. कॉमर्सला बारावीत गणित ऐच्छिक असतं. तुम्ही घेतलं होतं का ते मार्कशीटवर बघा. घेतलं असेल तर नोकरी लागल्यावर दूरशिक्षणानेही हा मार्ग खुला राहतो. नसेल तर चालू वर्षाचे नियम बघून मगच ठरवा, त्याचा घोर लावून घेऊ नका.

सपोर्टसाठी शिकायचं काय? चार गोष्टी: मशीन आणि नेटवर्क, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा एसक्यूएल, आणि थोडं पायथन. रोज दोन तास धरले तर आठ-नऊ महिने. आंब्याच्या दोन महिन्यांत वेळ मिळणार नाही हे गृहीत धरून वर्ष म्हणा.

लॅपटॉप नवाच हवा असं नाही. कंपन्यांनी भाडेपट्ट्यावर वापरून परत केलेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड रिफर्बिश्ड मिळतात, ते शिकायला पुरतात. रॅम ८ जीबीच्या खाली नको, १६ असेल तर उत्तम, आणि एसएसडी हवीच. घेताना विचारा की रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये आहे. सोल्डर असेल तर पुढे वाढवता येणार नाही. ४ जीबीच्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा संगणक) चालू केलं की सगळंच गोठतं, आणि नवख्या माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. दोष रॅमचा असतो.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी आणखी थोडं सांभाळायचं. खाऱ्या हवेने यूएसबी आणि चार्जिंगचे पिन हिरवे पडतात. रात्री लॅपटॉप सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात किंवा बॅगेत ठेवा, पण वापरून गरम असताना लगेच कोंडू नका. विजा पावसाच्या आधी मे-जूनमध्ये आणि परतीच्या वेळी जास्त. तेव्हा चार्जर तर काढाच, पण राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढा, हे लोक विसरतात. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या ॲडॅप्टरमधून येते आणि लॅनच्या तांब्यातून लॅपटॉपच्या बोर्डापर्यंत पोचते. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलात तर लाईट गेल्यावरही, पलीकडचं टोक चालू असेल तर, नेट चालू राहतं. खरेदीआधी राउटरच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पियर वाचा, सगळे १२ व्होल्टचे नसतात.

आणि आगोटीसारखी (पावसाळ्याआधीची) बेगमी करा. २०२० च्या जूनमधल्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात वीज आणि नेटवर्क यायला किती दिवस लागले हे कोकणात कुणाला सांगायला नको. उबंटू सर्व्हरची आयएसओ फाइल, व्हर्च्युअलबॉक्स, पॅकेट ट्रेसर (नेटवर्कचा सराव करायचं सॉफ्टवेअर), पायथन आणि मायएसक्यूएलचे इन्स्टॉलर, त्यांची मॅन्युअल, शिकवण्यांचे व्हिडिओ हे सगळं मे संपायच्या आत उतरवून ठेवा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स, पायथन, मायएसक्यूएल यांचे पाठ फुकट आहेत, त्यातले बरेच मराठीतही ऐकता येतात. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीत प्राथमिक कोर्स आणि पॅकेट ट्रेसर दोन्ही फुकट आहेत. एवढं असताना पहिल्या सहा महिन्यांत शिकवणीवर एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.

नेटवर्कपासून सुरुवात करा, कारण मुलाखतीतला पहिला प्रश्न हमखास तिथून येतो: 'एका माणसाच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट चालत नाही, तुम्ही काय कराल?' उमेदवार घाईने म्हणतो, 'राउटर बंद करून चालू करीन.' तिथेच गुण जातात. समोरच्याला क्रम ऐकायचा असतो. पहिला प्रश्न: एकाच मशीनवर बंद आहे की सगळ्यांकडे? सगळ्यांकडे असेल तर राउटर आणि त्याच्या पलीकडे बघायचं. एकाच मशीनवर असेल तर 'आयपीकॉन्फिग' चालवून त्याचा पत्ता बघायचा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून) पत्ता मिळालेलाच नाही, विंडोजने स्वतःच एक बसवून घेतलाय. मग दोष वायर, वाय-फाय, स्विचचा पोर्ट किंवा डीएचसीपी यांपैकी एकात. पत्ता १९२.१६८ चा नीट असेल तर आधी गेटवेला (राउटरला) पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक. तो उत्तर देतो? मग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग. तेही लागतं, पण वेबसाइट उघडत नाही? मग संशय डीएनएसवर (साइटच्या नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेवर), आणि 'एनएसलुकअप' ते दाखवून देतं. डीएनएस ठीक असेल तर ब्राउझर, प्रॉक्सी, फायरवॉल, आणि मशीनची तारीख-वेळ. तारीख चुकली की सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं नाकारली जातात. जुन्या मशीनची बोर्डावरची छोटी बॅटरी संपली की हे होतंच.

प्रत्येक पायरीवर एक शक्यता बाद होते, एवढंच या क्रमामागचं तत्त्व. ते हातात बसवायला मोठी लॅब नको. घरच्याच लॅपटॉपवर डीएनएस मुद्दाम चुकीचं टाका, वाय-फायला स्थिर पत्ता देऊन गेटवे एका आकड्याने बदला, घड्याळ दोन वर्षं मागे न्या. प्रत्येक वेळी लक्षण काय दिसलं आणि कुठल्या तपासणीत पकडलं गेलं, ते वहीत लिहा. अशा वीस नोंदी झाल्या की या प्रश्नाला तुम्ही पाठ केलेलं उत्तर देणार नाही.

सोबत काही पोर्ट (प्रत्येक सेवेच्या दाराचे आकडे) तोंडपाठ हवेत: एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन) २२, डीएनएस ५३, वेब ८० आणि ४४३, रिमोट डेस्कटॉप ३३८९, मायएसक्यूएल ३३०६. खासगी पत्त्यांच्या तीन पट्ट्या आणि सबनेटचं गणितही शिका, पण सबनेटिंगमध्ये महिनाभर अडकू नका. फ्रेशर सपोर्टला /२४ म्हणजे काय आणि दोन मशीन एकाच नेटवर्कमध्ये आहेत का, एवढं ओळखता आलं की चालतं.

लिनक्ससाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू सर्व्हर टाका, २ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क द्या. ६४ बिटचा पर्यायच दिसत नसेल किंवा मशीन सुरूच होत नसेल तर बहुधा बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं, ते चालू करा. दुसरी हमखास अडचण: व्हर्च्युअल मशीनमधून इंटरनेट चालतं, पण विंडोजवरून तिथे एसएसएच लागत नाही. कारण नेटवर्क 'नॅट' प्रकारचं आहे, त्यात बाहेरून थेट आत येता येत नाही. एक तर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये २२२२ वरून २२ असा नियम घाला, नाहीतर 'ब्रिज्ड' करा. डेस्कटॉपवालं उबंटू टाकून माउसने फिरू नका. कामावर समोर काळा पडदाच असतो.

तिथे मुद्दाम बिघडवायला एक छान प्रसंग आहे, मुलाखतीतही तो विचारला जातो. 'डीएफ' म्हणतो डिस्क शंभर टक्के भरली. 'डीयू' ने सगळे फोल्डर मोजले तर बेरीज निम्मीच येते. उरलेली जागा गेली कुठे? कुणीतरी मोठी लॉग फाइल डिलीट केलेली असते, पण जो प्रोग्रॅम तिच्यात लिहीत होता त्याने ती अजून उघडी धरलेली असते. नाव यादीतून गेलं म्हणून 'डीयू'ला दिसत नाही, जागा सुटलेली नाही म्हणून 'डीएफ'ला दिसते. 'एलएसओएफ' चालवून डिलीट झालेल्या पण उघड्या फाइल शोधायच्या, तो प्रोग्रॅम रीस्टार्ट करायचा, जागा लगेच मोकळी होते. आणि डिस्कमध्ये जागा असूनही नवी फाइल बनत नसेल तर 'डीएफ'ला आय लावून आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) संपलेत का बघायचं. लाखो छोट्या फाइल साठल्या की ते होतं. हे दोन्ही प्रकार व्हर्च्युअल मशीनवर स्वतः घडवून बघा. परवानग्यांच्या बाबतीत एकच सांगणं: काही चालत नाही म्हणून ७७७ देऊन मोकळं व्हायची सवय लावून घेऊ नका. त्याने फाइल सगळ्या जगाला लिहायला उघडी होते, आणि मूळ कारणही सापडत नाही.

आता एसक्यूएल. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, तीन महिने दिले तरी हरकत नाही. ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये दिवसभर हेच लागतं आणि कॉमर्सवाल्याला ते लवकर जमतं. नेहमीचे 'एम्प्लॉयी-डिपार्टमेंट'चे सराव सगळेच करतात. तुमच्या घरात त्याहून चांगला डेटा पडलाय: वाशीला गेलेल्या पेट्या आणि दलालाकडून आलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब.

दोन टेबलं करा. 'पाठवणी'मध्ये चलन क्रमांक, तारीख, दलाल, पेट्या, एकूण डझन. 'पट्टी'मध्ये पट्टी क्रमांक, चलन क्रमांक, तारीख, एकूण विक्री, हमाली, भाडं, दलाली, हाती आलेली रक्कम. नुसत्या पेट्या मोजून भागत नाही, फळाच्या आकाराप्रमाणे एका पेटीत चार डझन बसतात, दुसरीत सहा, म्हणून डझनाचा रकाना वेगळा हवा. रकमेला फ्लोट प्रकार देऊ नका, डेसिमल द्या. फ्लोटमध्ये पैशांचे अंश घसरतात आणि शेवटी बेरीज काही पैशांनी चुकते.

पहिला प्रश्न: कुठल्या चलनाची पट्टी अजून आलेली नाही? साधा जॉइन (दोन टेबलं जोडणं) केलात तर फक्त जुळलेली चलनं दिसतील, म्हणजे नेमकी हवी तीच गायब. इथे लेफ्ट जॉइन करायचा, पाठवणी डावीकडे, आणि व्हेअरमध्ये 'पट्टी क्रमांक इज नल' म्हणायचं (नल म्हणजे रिकामा रकाना). 'इज' च्या जागी बरोबरचं चिन्ह टाकलंत तर एकही ओळ येणार नाही, कारण नल कशाच्याच बरोबर नसतो, दुसऱ्या नलच्यासुद्धा नाही.

दुसरा प्रश्न: प्रत्येक चलनासमोर एप्रिलनंतर आलेली पट्टी दाखवा, आणि नसेल तर रकाना रिकामा दाखवा. सगळे पट्टीच्या तारखेची अट व्हेअरमध्ये घालतात आणि रिकामी चलनं पुन्हा नाहीशी होतात. कारण रिकाम्या ओळीत तारीखही नल, ती अटीत बसत नाही. अट ऑनमध्ये (जोडणीच्या अटीत) हलवली की चलनं परत येतात. लेफ्ट जॉइन लिहून व्हेअरमध्ये उजव्या टेबलाची अट घालणं ही एसक्यूएलमधली फार जुनी चूक आहे, अनुभवी माणसंही करतात.

तिसरा प्रश्न खरा गुण देतो. दलालाप्रमाणे एकूण पेट्या आणि एकूण रक्कम काढा. रक्कम बरोबर येते, पेट्या जास्त येतात. का? ५० पेट्यांच्या एका चलनाची पट्टी दोनदा आली: ३० पेट्या त्याच दिवशी विकल्या, उरलेल्या २० चार दिवसांनी. जॉइन केल्यावर पाठवणीची एक ओळ दोनदा आली आणि ५० च्या झाल्या १००. उपाय असा: आधी पट्टीचं टेबल चलनाप्रमाणे ग्रुप करून एका चलनाला एकच ओळ करा, मगच पाठवणीशी जोडा. 'रिपोर्टमधला आकडा दुप्पट येतोय' ही तक्रार प्रत्येक हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये येते आणि तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. डिस्टिंक्ट टाकून (एकसारखे आकडे एकदाच मोजून) ती दडपू नका. ज्या दोन चलनांत खरोखर ५०-५० पेट्या असतील, त्यातली एक त्याने उडून जाईल.

मराठी नावं साठवणार असाल तर मायएसक्यूएलमध्ये कॅरॅक्टर सेट 'यूटीएफ८एमबी४' ठेवा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला डेटा तसाच चिकटवलात तर अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसेल, तो आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो. आणि युनिकोडमध्ये असूनही 'कुऱ्हाड' शोधल्यावर सापडत नसेल, तर तो अर्धा र दोन वेगवेगळ्या रीतींनी टाइप झालेला असतो: डोळ्याला सारखा, संगणकाला वेगळा. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदाचं नाव सापडत नाही ही तक्रार आली की हे आठवा. हे मराठी वाचणाऱ्यालाच पटकन सुचतं, आणि आपल्या भागातल्या कामात त्याला किंमत आहे.

लँग्वेजचं उत्तर इतक्या उशिरा देतोय, कारण सुरुवातीला ते तेवढं महत्त्वाचं नाही. पायथन घ्या. लॉग फाइल वाचून एरर मोजणं, एक्सेल आणि सीएसव्ही जुळवणं, फाइलींची नावं बदलणं, एवढं आलं तरी सपोर्टमध्ये तुम्ही वेगळे दिसता. एआयकडून कोड लिहून घ्यायचा मोह होईल. समजून घ्यायला जरूर विचारा, पण आधी स्वतः पंधरा मिनिटं झगडा. मुलाखतीत स्क्रीन शेअर करून क्वेरी लिहायला लावतात, आणि न समजता उचललेला कोड पहिल्या 'असं का?' ला उघडा पडतो.

फ्रेशरांना विकले जाणारे एसएपी फायकोचे (मोठ्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे) महागडे कोर्स टाळा. बीकॉमवाल्यांनाच ते जास्त विकतात. ते काम देणारे बहुधा हिशेब विभागातला किंवा एसएपीचा अनुभव मागतात. नुसत्या कोर्सवर दार उघडत नाही. सीसीएनए (सिस्कोची नेटवर्कची) किंवा क्लाउडची सर्टिफिकेट परीक्षाही पहिल्या नोकरीनंतर. फी डॉलरमध्ये असते आणि तेव्हा ती कंपनीकडून मिळण्याची शक्यता असते.

दाखवायचं काय? गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) तीनच गोष्टी पुरेत: पट्टीचा डेटाबेस आणि त्यावरच्या दहा क्वेरी, एखादी उपयोगी पायथन स्क्रिप्ट, आणि नेटवर्क-लिनक्सच्या बिघाडांची नोंदवही. नोंदवही इंग्रजीत लिहा, तिकिटासारखी (सपोर्टमधल्या तक्रारीच्या नोंदीसारखी): लक्षण, कधीपासून, कुणाला त्रास, काय तपासलं, कारण, उपाय. पाच-सहा ओळींच्या वर नको. इंग्रजी बोलण्याची भीती असेल तर रोज एक नोंद मोठ्याने वाचा. सपोर्टमध्ये लागणारं इंग्रजी याच दोनशे-तीनशे शब्दांत फिरतं. गिटहबवर खऱ्या दलालांची नावं, फोन, खाते क्रमांक टाकू नका, बदलून घ्या. डेटाबेसचा पासवर्ड चुकून चढला तर फाइल डिलीट करून भागत नाही, तो जुन्या इतिहासात राहतो. पासवर्डच बदला.

हात बसवायला काम गावातच आहे. शाळेची कॉम्प्युटर लॅब, होम-स्टेचं वाय-फाय, पतसंस्थेचा प्रिंटर, मेडिकल दुकानाचं बिलिंग. दर कामाची एक नोंद करा. फक्त दोन पथ्यं पाळा: दुसऱ्याच्या मशीनला हात लावण्याआधी बॅकअप घ्या, आणि क्रॅक केलेलं विंडोज किंवा टॅली टाकून देऊ नका. त्या क्रॅकसोबतच व्हायरस येतात, आणि पतसंस्थेची डेटा फाइल लॉक झाली की नाव तुमचं पुढे येतं.

अर्ज सुरू करायचे सातव्या महिन्यापासून. 'डेस्कटॉप सपोर्ट', 'ॲप्लिकेशन सपोर्ट एल वन', 'इम्प्लिमेंटेशन इंजिनिअर', 'टेक्निकल सपोर्ट' हे शब्द शोधा. नुसतं 'आयटी फ्रेशर' नको. नॅट्सच्या सरकारी पोर्टलवर पदवीधर ॲप्रेंटिसची नोंदणीही करा. विद्यावेतन कमी असलं तरी वर्षाचा अनुभव कागदावर येतो. शिफ्ट असते, रात्रपाळीही येते. एल वनमध्ये (सपोर्टच्या पहिल्या पायरीवर) दीड-दोन वर्षांपेक्षा जास्त थांबू नका, त्या काळात एसक्यूएल आणि लिनक्सच्या जोरावर एल टूकडे सरका.

फसवणुकीचे तीन प्रकार कोकणातल्या मुलांपर्यंत फार पोचतात. लॅपटॉपसाठी डिपॉझिट किंवा ट्रेनिंग फी मागणारी ऑफर: खरी कंपनी नोकरीसाठी पैसे घेत नाही. घरबसल्या डेटा एंट्री, आणि आठवड्याने 'अचूकता कमी आली, करार मोडला' म्हणत वकिलाची किंवा कोर्टाची नोटीस: ती खोटी असते, पैसे भरू नका, १९३० वर तक्रार करा. तिसरा, दोन वर्षांच्या अनुभवाचं बनावट पत्र विकणारे. कंपन्या पडताळणीत पीएफचा यूएएन बघतात, त्यात कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यात रक्कम भरली ते दिसतं. पत्र पकडलं गेलं तर हातातली नोकरी जाते. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायला देऊ नका, बाँडच्या नावाखालीसुद्धा नाही.

ऑनलाइन मुलाखत पावसाळ्यात असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं चार्ज केलेल्या दोन फोनमध्ये तयार ठेवा, एचआरचा नंबर कागदावर लिहून ठेवा, आणि आदल्या दिवशीच मेल करा की भागात वीज जाण्याची शक्यता आहे, कॉल तुटला तर पाच मिनिटांत दुसऱ्या फोनवरून जोडला जाईन. असा मेल येतो तेव्हा समोरच्याला सपोर्टचा माणूस दिसतो.

राहिले ८५ हजार. घरातून तेवढे निघत असतील तर थोडे लॅपटॉपच्या रॅम-एसएसडीला आणि राउटरच्या यूपीएसला लावा, बाकीचे जपून ठेवा. पुण्यात कॉट बेसिसचं डिपॉझिट आधी द्यावं लागतं, मेस आगाऊ, पहिला पगार महिना भरल्यावर, आणि तुम्ही महिन्याच्या मध्यावर रुजू झालात तर कधी कधी त्यानंतरच्या महिन्यात. हाताशी तीन महिन्यांचा खर्च नसल्यामुळे रुजू होऊन महिन्याभरात गावी परतणारी मुलं असतात. पैसा तिथे लागतो.